बैठकींतला तिसरा पाट

(पनवेल-उरण भागांतील एका शाळेच्या पटांगणांत गांवच्या मास्तरांनीं ग्रामस्थांपुढें केलेलें भाषण)

तुम्ही दिवसभर राबून आलां आहां. उद्यां पहांटे कोणाला पहिली गाडी धरावयाची आहे, कोणाला होडी लोटावयाची आहे, कोणाला भट्टी पेटवावयाची आहे. म्हणून आभाराचीं लांबलचक वाक्यें बाजूस ठेवून आम्ही मुद्द्यावर येतों.

आम्ही अध्यापक विद्यालयांतून शिकून आलेले खेड्यांतले मास्तर. अर्थशास्त्राचे पंडित नव्हे. पण वीस-बावीस वर्षें तुमचीं मुलें शिकवितांना तुमच्या घरीं आलेले सरकारी कागदही आम्हींच वाचून दाखविले आहेत. त्या कागदांनीं आम्हांस जें शिकविलें, तेंच आज सांगावयाचें आहे. आज पेण-उरणकडचे पाहुणेही येथें आले आहेत. त्यांच्या दारांत जें आतां येऊं घातलें आहे, तें आमच्या दारावरून पन्नास वर्षांपूर्वीं गेलें. तेव्हां आमचें ऐकून त्यांचा कांहीं फायदा झाला तर या सभेचें सार्थक होईल.

विषय असा कीं, सरकार आणि उद्योगधंदेवाले ह्यांनीं एकमेकांशीं बोलावें कीं नाहीं, आणि बोलावें तर कसें.

पहिल्याच तोंडीं सांगून टाकतों, कीं त्यांनीं बोलावें. जरूर बोलावें. कारखाना निघावयाचा तर रस्ता, पाणी, वीज सरकारनें द्यावयाची. यंत्र, भांडवल आणि बाजारपेठ धंदेवाल्यानें आणावयाची. दोघांची तोंडें दोन दिशांना असलीं तर गरीब देशाचा गाडा चिखलांतून निघावयाचा नाहीं. आपला ठाणें-बेलापूर पट्टा पहा. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. त्यानें जागा आणि रस्ते केले, कारखानदार आले, आणि आपल्या वाडवडिलांपैकीं कित्येकांच्या हातावर महिन्याच्या महिन्याला पडणारा पहिला पगार तेथेंच पडला. ज्या घरांत पगार आला त्या घरांतली मुलगी शाळेंत आली. हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. म्हणून कारखान्याला शिव्या देणें हा आमचा धंदा नव्हे.

पण त्या पट्ट्यांतला एक धडा आपण घेतला नाहीं. रस्ता खचला, पाणी कमी आलें, वीज गेली, तर कारखानदार गप्प बसत नाहींत. रबाळ्यास त्यांची संघटना आहे, तिचें कार्यालय आहे, चिटणीस आहे. ती अर्ज करते, अर्जाची पोंच घेते, अधिकाऱ्यास भेटते. ही विद्या जुनी आहे. मुंबईंतल्या व्यापाऱ्यांनीं १८३६ सालींच आपलें चेंबर काढलें. १९२७ सालीं वालचंद हिराचंदांच्या पुढाकारानें महाराष्ट्रांतल्या व्यापाऱ्यांनींही आपलें चेंबर उभारलें. आज जिल्ह्याजिल्ह्यांत उद्योगवाल्यांच्या अडचणी ऐकण्यासाठीं खुद्द जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालीं उद्योग मित्र समिती बसते. चांगली गोष्ट आहे. आमचा प्रश्न इतकाच, कीं ज्याच्या शेतावर तो कारखाना उभा राहतो, ज्याच्या खाडींत त्याचें पाणी सुटतें, ज्याचा भाता आणि ऐरण त्या कारखान्याच्या मालापुढें थंड पडते, त्याचा पाट त्या पंक्तींत कोठें आहे? पंगत दोघांचीच मांडली, आणि तिसऱ्यास ताटें घासावयास बोलाविलें, तर त्याला संवाद म्हणावयाचें कीं काय?

आतां आमच्या गांवांची हकीकत ऐका.

मुंबईची गर्दी कमी करण्यासाठीं खाडीपलीकडे दुसरें शहर वसवावें, असा विचार १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल ह्या जाणत्या मंडळींनीं मांडला. विचार वाईट नव्हता. सरकारनें तो उचलला आणि १७ मार्च १९७० रोजीं सिडको स्थापन केली. ही सिडको म्हणजे काय हें नीट समजून घ्या. ती खातें नव्हे, ती कंपनी कायद्याखालीं नोंदलेली कंपनी आहे. पण भांडवल सरकारचें. म्हणजे एकाच अंगरख्यांत सरकारही आणि व्यापारीही! जमीन घेतांना ती सरकार, आणि तीच जमीन विकतांना ती व्यापारी. अशा घरांत सरकार आणि धंदा ह्यांचा संवाद घडवून आणावा लागत नाहीं, तो एकाच डोक्यांत चालतो. सुटला तो तिसरा.

ठाणें आणि तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गांवांवर हें शहर आंखलें गेलें. भातशेती, मिठागरें, खाडी, कोळीवाडे, सगळें त्या आंखणींत आलें. कायदा इंग्रजांच्या १८९४ सालचा. त्यांत रयतेला विचारण्याची पद्धत नव्हती. फक्त कळविण्याची होती. आमच्या आजोबांना कागद आला तेव्हां घरांत वाचणारा कोणी नव्हता. त्यांनीं तो देव्हाऱ्यांत ठेवला. सरकारचा कागद आहे, जपून ठेवावा, ही त्यांची समजूत. हरकत घेण्याची मुदत त्या देव्हाऱ्यांतच संपली. पुढें ते एका कचेरींत चौकशीस गेले, तर तेथला कारकून म्हणाला, "आजोबा, तारीख गेली. आतां घरीं जा." ते घरीं आले. त्यांनीं कोणास दोष दिला नाहीं. पण आमच्या वडिलांना दुसऱ्याच वर्षीं शाळेंत घातलें. आम्ही आज मास्तर आहों तें त्या एका कागदामुळें.

भाव ठरला तोही न विचारतां. मग माणसें उभीं राहिलीं. जासईचे वकील दि. बा. पाटील पुढें झाले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यांत शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पांच माणसें मेलीं. त्यानंतर कांहीं वर्षांनीं, १९९० आणि १९९४ च्या सरकारी निर्णयांनीं, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली.

आमच्या संवयीप्रमाणें हें गणित फळ्यावर मांडून दाखवितों. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यांतून रस्ते, शाळा वगैरे सोयींसाठीं ३० टक्के कापले, म्हणजे दीड गुंठा गेला. हातीं उरले साडेतीन गुंठे. ते भावांभावांत वांटले, बहिणींचा हक्क दिला, म्हणजे एकेकाला काय येतें तें तुम्हीच पाटीवर करून पहा. तरीही आम्ही म्हणतों, कांहींच नाहीं त्यापेक्षां हें पुष्कळ. पण हें पुष्कळ मिळण्यासाठीं पांच माणसें मरावीं लागलीं. जी गोष्ट १९७० सालीं एका घोंगडीवर बसून बोलतां आली असती, ती बोलावयास वीस वर्षें आणि पांच चिता लागल्या. न बोलण्याची किंमत ही एवढी असते.

पुढें विमानतळ आला. उलवें, तरघर, कोंबडभुजे, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, वाघिवली अशीं दहा गांवें उठावयाचीं होतीं. ह्या वेळीं लोक अगोदर बसले. कागद वाचूं लागले. बैठका झाल्या, मोर्चे झाले, पुन्हा बैठका झाल्या. २०१३-१४ मध्यें साडेबाराचे साडेबावीस टक्के झाले. सरकार तेंच, सिडको तीच, खाडीही तीच. मग टक्के कां वाढले? कोणाच्या मनांत दया आली म्हणून नव्हे. आपली मुलें तोंवर शिकलीं होतीं आणि समोर बसून हिशेब मागत होतीं म्हणून. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्या विमानतळाचें उद्घाटन झालें. आज त्याच्या कंपनींत अदानी समूहाचा वांटा ७४ टक्के आणि सिडकोचा २६ टक्के आहे. म्हणजे सरकार आणि धंदा तेथें भागीदारच झाले. भागीदारीच्या त्या कागदावर १०० पैकीं १०० भाग वांटून झाले. गांवांचा भाग त्यांत शून्य.

आणि साडेबावीस टक्के तरी कोणाला? ज्याच्या नांवावर जमीन त्याला. येथें आम्हांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका प्रकल्पाची नोटीस गांवांत आली. मिठागरावर जन्म घातलेली एक म्हातारी शाळेच्या दारांत येऊन उभी राहिली. म्हणाली, "मास्तर, या कागदान आमचा नांव हाय का?" आम्हीं यादी दोनदां वाचली. नव्हतें. मिठागर दुसऱ्याचें, तिचे फक्त हात. ती कांहीं बोलली नाहीं. पदरानें तोंड पुसून गेली. बंधुभगिनींनो, कोळ्याच्या खाडीला सातबारा नसतो. सुताराच्या रंध्याला, लोहाराच्या भात्याला, होडी बांधणाऱ्याच्या हाताला सातबारा नसतो. शेतकरी गेला कीं नांगराचा फाळ गेला, फाळ गेला कीं लोहार गेला. शेतकऱ्याला निदान पैसे मोजले; लोहाराला मोजण्याचें माप कोणाजवळ नव्हतें. भूमिहीन, मीठ कामगार, बलुतेदार ह्यांच्या मागण्या मागाहून जोडाव्या लागल्या, आणि मागाहून जोडलेलें ठिगळ नेहमींच आंखूड पडतें. म्हणून आम्ही तिसरा पाट म्हणतों, तेव्हां तो केवळ जमीनवाल्याचा पाट नव्हे. त्यावर त्या म्हातारीलाही जागा पाहिजे.

कोणी म्हणेल, "मास्तर, तिसऱ्याला बसविलें तर कामें अडतात. शंभर तोंडें, शंभर मतें." ह्यास आमचें उत्तर ह्याच नव्या मुंबईंत आहे. तुर्भ्याच्या बाजारांत जा. मशीद बंदर, भायखळा वगैरे ठिकाणचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्यानें येथें आले. त्यांच्याबरोबर पाठीवर गोणी वाहणारा माथाडीही आला. एके काळीं त्याला ना हजेरी, ना रजा, ना म्हातारपणाची सोय. अण्णासाहेब पाटलांनीं त्याला एकत्र केलें आणि १९६९ सालीं माथाडी कायदा झाला. त्या कायद्यानें मंडळें नेमलीं. मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्याच संख्येनें, आणि सरकारचे प्रतिनिधी एकतृतीयांशाहून अधिक नाहींत. व्यापाऱ्यानें मजुरी आणि वर ठराविक लेव्ही मंडळांत भरावयाची. मंडळानें ती कामगाराच्या खात्यांत जमा करावयाची आणि लेव्हींतून फंड, रजा, औषधपाणी पाहावयाचें. तेथें भांडणें होत नाहींत काय? होतात. व्यापारी लेव्हीबद्दल कुरकुरतो, कामगार थकबाकीबद्दल ओरडतो, बनावट माथाडींच्या तक्रारीही येतात. पण भांडण मंडळाच्या मेजावर होतें, आणि मुंबईच्या घरांत रोज भाजी पोंचते. पन्नासांहून अधिक वर्षें तिघे एका ठिकाणीं बसत आले; बाजार बुडाला नाहीं.

ही रीत आपल्यास परकी नाहीं. ठाण्याचे नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं १८८४ सालीं मुंबईंत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढें नेला. तोंवर कमिशन मालकांना विचारी, डॉक्टरांना विचारी. राबणाऱ्यानें आपल्या सहीनें आपलें म्हणणें मांडणें ही नवी गोष्ट होती. एप्रिल १८९० च्या मोठ्या सभेंत दोन कामकरी बायाही बोलल्या, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघानें आठवड्याची सुट्टी मान्य केली. तुम्ही रविवारीं घरीं बसतां तें ह्या अर्जाचें फळ. पुढें १९४२ सालीं डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असतांना सरकार, मालक आणि मजूर ह्यांची एकत्र परिषद त्यांच्या अध्यक्षतेखालीं भरली. म्हणजे तिसरा पाट मांडण्याची चाल ह्याच मातींत आहे. ती फक्त मजुरीपुरती राहिली. जमिनीच्या आणि पाण्याच्या बैठकींत शिरली नाहीं.

आणि विचारलें म्हणजे आकाश कोसळत नाहीं, ह्याचा दाखला पेणच्या पाहुण्यांजवळच आहे. महामुंबई सेझसाठीं पेण, उरण, पनवेल भागांत मोठें संपादन निघालें होतें. हेटवणें धरणाच्या लाभक्षेत्रांतल्या २२ गांवांनीं म्हटलें, आमच्या शेताला धरणाचें पाणी येणार, मग आमची जमीन कां? २१ सप्टेंबर २००८ रोजीं सरकारनें त्या गांवांतल्या शेतकऱ्यांचें मत घेतलें. बहुसंख्यांनीं नकार दिला. तें संपादन पुढें गेलें नाहीं, आणि राज्यही मोडलें नाहीं. एकदां जें झालें तें पुन्हा होऊं शकतें.

आतां आजची गोष्ट. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू उघडला. त्याच वर्षीं उरण, पनवेल, पेण तालुक्यांतल्या १२४ गांवांवर नवें शहर आंखून एमएमआरडीए हिला तेथें नवनगर विकास प्राधिकरण नेमलें. गांवोगांवच्या लोकांनीं हरकती दिल्या. जानेवारी २०२५ मध्यें दावोस येथें सरकारनें कंपन्यांशीं पंधरा लाख कोटींहून अधिक रकमेचे करार केल्याचें जाहीर झालें. एमएमआरडीएनेंही तेथें करार केले. करार होवोत. पण दावोसच्या बर्फांत सही होते तेव्हां चिरनेरच्या बांधावरच्या माणसाला तें कोणत्या महिन्यांत, कोणत्या भाषेंत कळतें, हा आमचा प्रश्न आहे.

कायदाही समजून घ्या. १ जानेवारी २०१४ पासून जमीन संपादनाचा नवा कायदा लागू आहे. त्याच्या मूळ तरतुदीप्रमाणें खासगी कंपनीसाठीं जमीन घ्यावयाची तर ८० टक्के, आणि सरकार व खासगी भागीदारीसाठीं ७० टक्के बाधित कुटुंबांची संमति पाहिजे. गांवावर काय परिणाम होतील ह्याची पाहणीही मूळ कायद्यांत सांगितली आहे. आणि तींत जमीन नसलेला, पण त्या जमिनीवर पोट असलेलाही मोजावा असें कायदा म्हणतो. पण सरकार स्वतःसाठीं, स्वतःच्या ताब्यांत ठेवण्यासाठीं जमीन घेत असेल तर ती संमतीची अट नाहीं. म्हणून नोटीस आली कीं पहिला प्रश्न भावाचा विचारूं नका. पहिला प्रश्न विचारा, "घेणारा कोण, आणि पुढें ती कोणाला देणार?" ज्यानें हा प्रश्न विचारला त्यानें अर्धी बैठक जिंकली.

तेव्हां सरकारकडे आणि उद्योगवाल्यांकडे आमचें मागणें थोडक्यांत असें. बैठक आराखडा होण्यापूर्वीं घ्या, झाल्यावर नको. बोलणें मराठींत करा, आणि झालेलें बोलणें लिहून त्याची प्रत चावडीवर लावा. माथाडी मंडळाप्रमाणें तिसरा पाट कायद्यानें मांडा, कोणाच्या मर्जीनें नको. आणि त्यावर शेतकरी, कोळी, कारागीर, भूमिहीन आणि बाया ह्यांचीं माणसें त्यांनीं स्वतः निवडलेलीं असावींत. दिलेला शब्द कोणत्या अधिकाऱ्यानें, किती दिवसांत पाळावयाचा तें त्याच कागदावर लिहा. ह्यांत उद्योगवाल्यांचाही फायदा आहे. ज्या कारखान्याच्या पायाखालीं भांडण पुरलेलें आहे, त्याच्या भिंतीला तडा कधीं ना कधीं जातो.

पण दुसऱ्याला सांगून आम्ही थांबलों तर तें लबाडीचें होईल. आपल्या घरांतही पाहूं या. भरपाईचा चेक आला तेव्हां आपण काय केलें? हळदीला मांडव किती मोठा घातला, गाडी किती लांब घेतली, बाटल्या किती फुटल्या, हें गांवाला ठाऊक आहे. पांच वर्षांनीं त्याच घरचा मुलगा त्याच रकमेंतून बांधलेल्या इमारतीच्या दारांत वॉचमन म्हणून उभा राहिला. आणि दलाल कोण होता? परक्या गांवचा नव्हे. आपलाच चुलता, आपलाच मेव्हणा. कोऱ्या मुद्रांकावर सही त्यानेंच घेतली. तिसऱ्या पाटावर बसावयाचें तर आधीं ताठ बसतां आलें पाहिजे.

म्हणून आजपासून एवढें करा. घरांतला सातबारा, फेरफार, जुन्या पावत्या एका पेटींत ठेवा, देव्हाऱ्यांत नको. आलेला प्रत्येक कागद आठ दिवसांच्या आंत वाचून घ्या. शाळा त्यासाठीं रात्रीं उघडी राहील, आम्ही बसूं. कोऱ्या कागदावर सही नाहीं, अंगठा नाहीं. कळत नसेल तेथें २००५ च्या माहिती अधिकाराखालीं अर्ज करा आणि पोंच जपा. जमीन नसलेल्या घरांची यादी, त्यांच्या धंद्यासह, ग्रामसभेंत आपणच करा आणि ठरावाला जोडा, म्हणजे उद्यां कोणी म्हणावयास नको कीं अशीं माणसें गांवांत नव्हतींच. बोलावयास माणसें निवडा, पण बैठकीहून परत आल्यावर त्यांनीं सगळ्यांपुढें हिशेब द्यावा. न देणारा बदला. आणि मुलीची शाळा सोडवूं नका. आमच्या आजोबांच्या घरांत एक जरी वाचणारी मुलगी असती, तरी तो कागद मुदतींत परत गेला असता.

ती मिठागरावरची म्हातारी आतां नाहीं. तिची नात आमच्या शाळेंत शिकून पुढें गेली. हल्लीं एका कंपनीच्या कचेरींत हिशेब लिहिते. पुढची यादी वाचावयाची वेळ येईल तेव्हां ती आपल्या बाजूनें बसलेली असावी, आणि त्या यादींत तिच्यासारख्यांचीं नांवें असावींत. सरकार आणि उद्योग ह्यांनीं खुशाल बोलावें. पंगत मांडतांना पाट तीन मांडावे, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

यादी करावयाचें काम येत्या रविवारीं सकाळीं ह्याच पटांगणांत सुरू करूं. पेण-उरणच्या पाहुण्यांनीं कोरी वही घेऊन यावें. नमुना आम्ही देऊं.